चिरुटाचं टोक

बा, साहेबानं चिरुटाचं टोक दातानं तोडलं आणि तुझ्या तळहातावर थुंकलं, तेव्हा मी बंगल्याच्या व्हरांड्यात ग्रामोफोनचं पोट उघडून बसलो होतो. तुला वाटलं, पोरगा खाली पाहून राहिला, त्याला काय कळते. खालीच पाहत होतो. पण माझे कान कसे आहेत हे तूच तर साहेबाला फुशारकीनं सांगितलं होतंस. "माह्या पोट्ट्यानं नुसतं आयकलं तरी मशीनचं दुखनं सांगते," म्हणालास, म्हणून तर मला अमरावतीहून सुट्टीच्या दिवशी अकोल्याला बोलावून तिथं बसवलं होतं. आधी सुकं पान चुरगळल्याचा आवाज आला, मग 'थू', आणि मग काहीच नाही. कोपऱ्यात पितळी पिकदाणी होती, तिच्यात पडतं तर वाजलं असतं. वाजलं नाही म्हणून मी मान वर केली. तू साहेबाच्या खुर्चीशी वाकून उभा, उजवा हात पुढं, देवळात तीर्थाला करतात तसा खोलगट. आपल्याला कोणत्याच देवळानं तीर्थ दिलं नाही, हात तसा करायला तू कुठून शिकलास कोण जाणे. साहेब काडी पेटवत होता. त्यानं तुझ्याकडं पाहिलंही नाही. पाहुणे मात्र पाहत होते आणि गालात हसत होते. तुझी मूठ मिटली, पांढऱ्या कोटाच्या खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली.

आणि साहेब काही गोरा नव्हता. गोरा गेला, त्याच्या मागं ह्याला कापसाच्या जीन-प्रेसचं मॅनेजरपद मिळालं, बंगला मिळाला, चिरुटाचा लाकडी डबा मिळाला आणि तू मिळालास. गोरा खिडकीशी जाऊन बाहेर थुंकायचा, हे तूच सांगत होतास. तुझा हात ह्यानं शोधून काढला. पाहुणे आले की तो मुद्दाम चिरूट काढायचा, आणि तू हाक यायच्या आधीच खुर्चीशी उभा. त्या दिवशी ग्रामोफोन वाजायला लागल्यावर तो मला म्हणाला, "हुशार आहेस रे. बापाकडून आलेलं दिसत नाही." पाहुणे हसले. बा, तूही हसलास. तुझं हसू सगळ्यात मोठं होतं.

घरी येताना जीनच्या भिंतीकडेनं आपण चाललो होतो. मी विचारलं, "बा, हात काहून करून राहिला होता?"

"गालिचा हाये खाली. गालिच्यावर थुकते काय साहेब मानूस?"

"खिडकी हाये."

"खिडकी दूर हाये."

"आन तुहा हात जवळ हाये?"

तू थांबलास. "हात माहा हाये का तुहा? तुले काय दुखून राहिलं मंग?" एवढं बोलून पुढं निघालास. मला काय दुखून राहिलं होतं ते तुला चांगलं ठाऊक होतं. आपण नागपूरहून दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परत आलो, त्याला फार दिवस झाले नव्हते. वस्तीतल्या पोरांनी घरातले देव नाल्यात नेऊन सोडले होते, मेलं ढोर ओढायचं बंद झालं होतं. आता हात पसरायचा नाही, हे दारोदार सांगत फिरणाऱ्यांत मी होतो. तू ओट्यावर बसून मान हलवली होतीस. त्याच मानेखालचा हात सोमवारी बंगल्यावर जाऊन पसरत होता.

घरी आल्यावर तू खिशातून ते टोक काढलंस आणि छपरावरच्या टिनाच्या पत्र्यावर, आधीच्या टोकांशेजारी, वाळत टाकलंस. तेव्हा मला उमगलं, तुझी तंबाखू कुठून येते. आजवर वाटायचं, साहेब डब्यातून देतो. तूच तसं सांगायचास. हप्ताभर तुला वस्तीत कुणी विचारत नसे. तुला शेत नाही, मीटिंगमध्ये बोलता येत नाही, अंगठेबहाद्दर माणूस. पण रविवारच्या संध्याकाळी चार म्हातारे आपल्या ओट्यावर येऊन बसत, पलटणीतून परत आलेले काका सगळ्यांत पुढं, आणि तुझ्या चिलमीतली विलायती तंबाखू एकेक झुरका फिरे. "वा रे बंगल्यावाल्या," काका म्हणत, "लढाईत साहेब लोकांपाशी हाच वास ये." तू काही न बोलता चिलीम पुढं द्यायचास. त्या घटकेला तू राजा असायचास, बा. मी पाहिलं आहे. त्या रविवारीही पाहिलं, आणि बडनेऱ्याकडं जाणारी गाडी पकडली.

गाडीतच माझं ठरलं. साहेबाला खिशात मावेल असं चिरूट कापायचं अवजार करून द्यायचं. त्याच्या तोंडाला काम उरणार नाही, तर थुंकी येईल कुठून? आणि मी धूर्त, मी एक पाऊल पुढं गेलो. अवजाराच्या पोटातच एक डबी करायची. कापलेलं टोक डबीत पडेल, कोरडं, स्वच्छ. डबी भरली की ती तुला मिळेल. तुझा हात मिटेल आणि तुझा रविवारही राहील. इतकं चोख गणित मी त्यानंतर कोणत्या धंद्यात मांडलं नाही.

अमरावतीला मी ज्या मिस्त्रीकडे होतो तो जिभेचा तिखट होता, पण सुट्टीच्या दिवशी त्याचं लेथ वापरू द्यायचा. वऱ्हाडातल्या माणसाला कापायची लहान वस्तू म्हटली की अडकित्ताच दिसतो, मलाही तोच दिसला. बोटाएवढा अडकित्ता केला, धार लावली आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काडीवर चालवून पाहिला. खट्! तुकडा उडून भिंतीवर. मी खूश. मिस्त्री बिडी ओढत पाहत होता. म्हणाला, "क्यों बे, तेरा साहेब पऱ्हाटी पीता क्या?"

त्याचं खरं होतं. मी जन्मात चिरूट हातात धरला नव्हता. मग बाजारातून तंबाखूची पानं आणली, दमट करून वळली, वरून एक अख्खं पान घट्ट गुंडाळलं, सावलीत वाळवलं. त्याच्यावर अडकित्ता चालवला तर ते चपटं झालं आणि वरचं पान कांद्याच्या सालासारखं सुटलं. सुपारी कडक, तिला दाबलं तर ती दबत नाही, फुटते. चिरूट आतून मऊ, त्याला दाबायचंच नसतं. म्हणून दुसरी तऱ्हा केली. पितळेच्या दोन पट्ट्या, मधे गोल भोक, आणि भोकावरून सरकणारं एक पातं. ते आत शिरताना झकास कापायचं आणि पलीकडून निघताना सालटं ओढून फाडायचं. डोळ्याला दिसत नव्हतं. पण मला ऐकू येत होतं, शेवटाला बारीक 'चर्र'. मिस्त्रीला काही ऐकू आलं नाही. "तेरे कान में कीडा है," म्हणाला. पण भिंगाखाली पाहिलं तर पान फाटलेलं होतं.

मग दोन पाती केली, तुटलेल्या हॅकसॉच्या पोलादाची. दोन्हीकडून निघायची आणि मधोमध भेटायची, म्हणजे सालटं ओढायला कुणाला जागाच नाही. जुन्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग तोडून बसवली. साहेबाच्या कोटाचं अस्तर फाटू नये म्हणून कोपरे घासून गोल केले. जाडी काड्यापेटीहून कमी. मागं ती डबी, बारकी, सरकवून बाहेर काढता येणारी. डबीची मागची भिंत मी अशी ठेवली की चिरुटाचं टोक तिला टेकलं की पुढं जाणारच नाही. कितीही अडाणी माणसानं धरलं तरी हवं तेवढंच कापलं जाणार. हे अवजार जसं वाजलं तसं नंतरचं एकही वाजलं नाही. एकच आवाज, जीभ टाळ्याला लावून सोडावी तसा. मिस्त्रीनं ते उलटंसुलटं केलं, डबी सरकवली. "ये काहेकू? कचरा रखने का?"

"कचरा नाही तो," मी म्हटलं.

"तो क्या है?"

मी सांगितलं नाही. मिस्त्री तोंडाळ होता, आणि तुझी अब्रू मला राखायची होती.

तू मला अडवलंस हे खरं आहे. अवजार दाखवलं तर हातातही घेतलं नाहीस. "साहेबाले काई देऊ नको," म्हणालास. "जे चालून राहिलं ते चालू दे."

"काय चालून राहिलं, बा? थुकी?"

"थुकी त थुकी. तुह्यावर त नाही ना पडून राहिली?"

मी ऐकलं नाही. कोटाला बटणं लावून तुझ्याआधी बंगल्यावर गेलो. साहेबानं अवजाराच्या भोकात बोट घालून पाहिलं, बोटाच्या नखाशी पाती टेकवली आणि घाबरल्यासारखं करून हसला. संध्याकाळी पाहुणे आले. साहेबानं चिरूट काढला, आणि बा, तुझा हात पुढं आला. आपोआप आला. मी दाराशी उभा होतो. साहेबानं सावकाश चिरूट भोकात घातला, तुझ्या हातावर नजर ठेवून पाती मिटवली. तो एक आवाज झाला. तुझा हात तसाच, खोलगट, रिकामा. आधी एक पाहुणा हसला, मग सगळे. साहेब म्हणाला, "खाली घे आता. तुझ्या मुलानं तुला पेन्शनीत काढलं." मला वाटलं, आज जिंकलो. तुझ्या चेहऱ्याकडं मी पाहिलंच नाही.

पंधरवडा गेला नसेल, तुला बंगल्यावरून काढून रुईच्या गोदामात घातलं. चहाचा ट्रे काय, कोणताही तरुण पोरगा आणू शकतो. साहेबाला जो हात पाहुण्यांना दाखवायला लागत होता, त्याचं काम सरलं होतं. तुझा पांढरा कोट नव्या पोरानं घातला, खांद्यात ढिला होत होता तरी घातला. तू त्या धुळीत गेलास आणि खोकायला लागलास. त्या खोकल्याचा माग मी अमरावतीहून आलो की ऐकायचो, आधी गळ्यात, मग छातीत, मग खोल, जिथं कोणतंही अवजार पोचत नाही. मशीनचं दुखणं ऐकून सांगणाऱ्याला बापाचंही सांगता आलं. दुरुस्त करता आलं नाही, ते सोड.

तरी तुझा रविवार चालू होता. पत्र्यावरच्या जुन्या तंबाखूवर तू तो रेटून नेत होतास. म्हाताऱ्यांना काढलं-ठेवलं यातलं काही सांगितलं नव्हतंस. "बंगल्यावर आराम हाये आजकाल," एवढंच. अशाच एका रविवारी मी घरी होतो. चौघं बसलेले, चिलीम काकांच्या हातात. तेवढ्यात तो नवा पोरगा सायकलवरून आला, तुझ्याच कोटात. ओट्यासमोर उतरला आणि कागदाची पुडी पुढं केली. "घ्या बुढेबा. साहेबानं धाडली. म्हनले, बुढ्ढ्याची तंबाखू बुढ्ढ्याले दे."

मी मनात म्हटलं, पाहा, डबीनं काम केलं.

तू पुडी घेत नव्हतास. पोरगा साधा होता, तुला समजावायला लागला. "घ्या ना. आता चांगली हाये. पयल्यासारखी ओली नाही राहत. थुकी नाही ना लागत आता, मशीनीतच पडते कोरडी."

काकांनी चिलीम तोंडापासून काढली आणि खाली ठेवली, फार हळू, झोपलेल्या लेकराला ठेवावं तशी. पोरगा सायकल फिरवून गेला. मला वाटलं, आता शिव्या पडतील. एकानं धोतराला हात पुसले. दुसरा नाल्याकडं पाहत होता. मग काका तुझ्यावर नाही, माझ्यावर उखडले. "थे मशीन तूनं बनवलं म्हनते?"

"हो काका."

"काहून?"

"बाच्या हातावर साहेब थुकत होता."

"अबे, मालूम होतं!" काका ओरडले. "सगळ्याइले मालूम होतं. आमी काय लेकरं हाओत? साहेब लोक तंबाखू वाटत फिरतात काय? मालूम होतं, पन कोनी बोललं नव्हतं. आता आयकलं. आयकल्यावर कसं ओढाव, सांग तूच."

ते उठले. मागोमाग तिघं उठले. जाताना कुणी तुला 'येतो' म्हणालं नाही. पुढच्या रविवारी तू ओटा झाडून, चिलीम धुऊन बसलास. अंधार पडेपर्यंत बसलास. पलीकडच्या ओट्यावर ते चौघं साधी गावठी तंबाखू ओढत होते. वास येत होता, बोलणं येत होतं. तुझ्याकडून कुणी गेलं नाही, त्यांच्याकडून कुणी आलं नाही.

त्यानंतर मी घरी आलो तेव्हा तू मला ओट्यावर बोलावलंस. तोंडात काहीतरी चघळत होतास. पुडीतलं टोक होतं, ओलं करून चघळत होतास. म्हणालास, "हात कर."

मी केला. इतक्या दिवसांनी तू मला काही देऊन राहिला, असं वाटलं मला. मी हात पुढं केला तो मोठ्या आनंदानं केला, हे आज सांगायला हरकत नाही. तू माझ्या डोळ्यांत पाहिलंस आणि तोंडातलं सगळं माझ्या तळहातावर थुंकलास.

"आता बनव याच्यावर मशीन," म्हणालास.

मी हात मागं घेतला नाही. पुसलाही नाही. आई आतून पाहत होती, ती बाहेर आली नाही. तू विचारलंस, "कशी लागली?"

"गरम," मी म्हटलं.

"हं. पयल्या दिवशीच लागते गरम," तू म्हणालास. "मंग नाही लागत." आणि चिलीम उचलून आत गेलास.

तू त्यानंतर माझ्याशी बोललास, नाही असं नाही. जेव म्हणालास, गाडीची वेळ झाली म्हणालास, माझ्या लग्नात पाहुण्यांना पाणी देऊन आलास. पण माझं नाव घेऊन हाक मारली नाहीस. 'अमरावतीवाला' म्हणायचास. मीही कमी नव्हतो. तुझ्या खोकल्याला औषध आणायचो ते बाटली खिडकीत ठेवून द्यायचो, हातात देत नव्हतो. तुझा हात पाहायचा नव्हता मला. तू गेलास तेव्हा त्याच चौघांतल्या तिघांनी तुला खांदा दिला, चौथा आधीच गेला होता. नाल्याकाठच्या मसणवट्यातून परतताना काका माझ्या शेजारी आले, म्हणाले, "त्याच्यासारखी तंबाखू पुन्हा नाही भेटली." मी त्यांच्याकडं पाहून हसलो. मला लोक हसतमुख म्हणतात, धंद्यात ते फार कामी येतं.

माझं चुकलं असं मी लिहिणार नाही, बा. अवजार बरोबर होतं. माणसाच्या तळहातावर थुंकणं बंद पाडायला जे करायला हवं ते मी केलं, आणि आज कुणी तसा हात पसरलेला दिसला तर आजही करीन, त्याला विचारणार नाही. तू त्या हातावर चार म्हाताऱ्यांचा दरबार भरवत होतास, त्याला मी काय करू? पण मी हेही ऐकलं आहे, की तुझ्या शेवटच्या पावसाळ्यात पलीकडच्या ओट्यावर हसणं झालं की तुझा खोकला थांबायचा. तू श्वास रोखून त्यांचं बोलणं ऐकायचास. माझे कान तुझ्याकडूनच आले असावेत. साहेबाला ते कळलं नव्हतं.

हे सगळं तू होतास तेव्हा लिहिता आलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. मी अमरावतीहून पत्र टाकलं की पोस्टमन ते काकांच्या हाती द्यायचा आणि काका मोठ्यानं वाचायचे. अर्धी वस्ती ऐकायची, पैसे किती धाडले, सून कशी आहे. असं पत्र त्यांना कसं वाचायला द्यावं? आता काकाही नाहीत. वाचून दाखवणारा नाही, तेव्हा लिहून झालं, आणि माझ्याजवळच राहील.

अमरावतीला माझं दुकान आहे, मागं कारखाना आहे. अडकित्ते, नेलकटर, कात्र्या, सगळं जातं, अचलपूरपासून नागपूरपर्यंत. चिरूट ओढणारे आता फार उरले नाहीत, तरी ते अवजार मी अजून करतो, एखादा वकील, एखादा जुना बागायतदार येऊन घेऊन जातो. डबी काढून टाकली आहे. कुणाला लागत नाही. हातात खेळवत ते विचारतात, "हे सुचलं कसं हो तुम्हाला? पहिलं कुणासाठी केलंत?" मी म्हणतो, "वडिलांसाठी." त्यावर त्यांचा आवाज बदलतो. थोडा खाली येतो, थोडा मऊ होतो, आतापर्यंत मला 'अहो मिस्त्री' म्हणणारा माणूस 'साहेब' म्हणायला लागतो. "अस्सं. म्हणजे वडिलांना शौक होता चिरुटाचा."

मी नाही म्हणत नाही, बा.